बावतीस अंकल आणि आमिश गावाचा सिनेमा

त्या शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ओमानमधल्या रुस्ताकच्या साइटवर परांची कोसळली. रामसूरत नावाचा गवंडी मेला. बावतीस अंकल त्या वेळी मस्कतला चर्चमध्ये होते. परांचीवर टांगलेल्या कार्डावर सही त्यांची होती.

बावतीस अंकल आमचे शेजारी. मस्कतच्या अल् घुब्रात आमच्या दाराला दार लागून त्यांचा फ्लॅट. वसईचे ख्रिस्ती, वय अठ्ठावन्न, ओमानमध्ये एकवीस वर्षं. परांची तपासणं हे त्यांचं काम. लोखंडी नळ्यांची परांची बांधून झाली की ते खालून वरपर्यंत चढायचे, प्रत्येक सांधा हाताने हलवून बघायचे आणि मग कार्ड टांगायचे. हिरवं कार्ड म्हणजे चढा. लाल म्हणजे कोणीही पाय ठेवायचा नाही, मग मालक येऊ दे नाहीतर मंत्री.

हलवून बघण्याची त्यांची सवय कामापुरती नव्हती. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ते डब्यात कोलंबीचं लोणचं घेऊन आले. मी शाळेत ग्रंथपाल आहे, त्यामुळे घरात सामानापेक्षा पुस्तकं जास्त. अंकलनी डबा माझ्या हातात दिला आणि नमस्कार वगैरे न करता सरळ पुस्तकांच्या कपाटाकडे गेले. दोन्ही हातांनी ते हलवलं. कपाट डुललं.

"कोणी बसवलं हे?"

"मी," माझा नवरा इक्बाल म्हणाला.

"मग तूच याच्या खाली झोप. बायला झोपवू नको." एवढं बोलून ते घरी गेले आणि ड्रिल घेऊन परत आले. आडनाव त्यांनी त्यानंतर विचारलं. आम्ही दापोलीकडचे मुसलमान हे कळल्यावर म्हणाले, "म्हणजे समुद्र एकच. मासे तेच. बरं झालं." त्या दिवसापासून मी त्यांची 'बाय' झाले.

आठवडाभर ते रुस्ताकच्या कॅम्पात राहत आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येत. शुक्रवार सुट्टीचा; सकाळी ते आणि त्यांच्या पत्नी फिलोमिना आंटी चर्चमध्ये मिस्साला जात, दुपारी इक्बाल जुम्म्याची नमाज पढून येई आणि दोन्ही घरांचं जेवण आमच्याकडे होई. जेवणानंतर सिनेमा. सिनेमा मी निवडायचा, अट एकच: "खून पाहिजे. लव्हस्टोरी लावलीस तर मी झोपणार."

पण पाच वाजता कंपनीची बस यायची आणि खुनी सापडायच्या आत अंकलना उठावं लागायचं. हातात पिशवी घेऊन ते दारात उभे राहत, एक डोळा पडद्यावर. आंटी त्यांना ढकलत. "यल्ला, चला, ड्रायव्हर हॉर्न मारतोय." मग साधारण साडेसहाला, बस डोंगराकडे वळली की त्यांचा फोन यायचा. "हां बाय, सांग. कोण निघाला?"

मी शेवट सांगायचे. एकदा आंटी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "त्यांना कडू काही सांगू नको गं. कॅम्पात एकटे असतात, रात्रभर तेच घोळवतात." तेव्हापासून मी शेवट थोडे सौम्य करून सांगू लागले. मेलेला माणूस कधी जखमी व्हायचा, तुरुंगात गेलेला कधी सुटायचा. त्यात मला काही चूक वाटत नव्हती. सिनेमाच तर होता.

आमिश लोकांचा सिनेमा आम्ही असाच एका शुक्रवारी पाहिला. अमेरिकेतलं खेडं. तिथले लोक ख्रिस्तीच, पण वीज आणि मोटार वापरत नाहीत, घोडागाडीने फिरतात, आणि काहीही झालं तरी कोर्टकचेरीत जात नाहीत. सुरुवातीलाच सगळं गाव मिळून एका दिवसात धान्याचं भलंमोठं कोठार उभारतं. पन्नास-साठ पुरुष तुळयांवर चढलेले, हातोड्यांचे आवाज, खाली बायका जेवण मांडताहेत. मला ते दृश्य फार सुंदर वाटलं. अंकलनी रिमोट हिसकावून सिनेमा थांबवला.

"अरे देवबापा! एकाच्या तरी कमरेला पट्टा आहे काय? लाल कार्ड! सगळ्यांना खाली उतरवा!"

"अंकल, ते देवाच्या भरवशावर चढतात," इक्बाल म्हणाला.

"देवाच्या भरवशावर मीपण चढतो. पण आधी नळी हलवून बघतो."

पुढे त्या कोठाराची तुळई पडते आणि कोठाराचा मालक मरतो. शहरातून पोलीस अधिकारी येतो. गाव म्हणतं, देवाची इच्छा. पण ज्या म्हाताऱ्या सुताराच्या देखरेखीखाली कोठार उभं राहिलं त्याला दिसलेलं असतं की तुळईच्या लाकडी खुंट्या करवतीने अर्ध्या कापलेल्या आहेत. आणि कापणारा त्याचा सख्खा पुतण्या आहे. गावातले वडीलधारे म्हाताऱ्याला सांगतात, आपण त्याला क्षमा करू, बाहेरच्यांना सांगायचं नाही. अंकल त्या दिवशी चेष्टा करायचे थांबले. गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकून पाहत राहिले. पाच वाजता आंटींनी दोनदा हाक मारली तेव्हा उठले.

साडेसहाला फोन. "बाय, म्हातारा बोलला काय?"

म्हातारा बोलतो. पुतण्याला बेड्या पडतात. आणि गाव म्हाताऱ्याला वाळीत टाकतं. शेवटच्या दृश्यात त्याच्या स्वतःच्या घरात सगळे मोठ्या टेबलाशी जेवायला बसतात आणि त्याचं ताट खिडकीजवळ वेगळ्या टेबलावर. बायको वाढते, पण त्याच्याकडे बघत नाही. हे मी अंकलना कसं सांगणार होते? मी म्हटलं, "त्याला बोलावंच लागलं नाही, अंकल. पुतण्यानेच येऊन कबूल केलं."

 मग ते म्हणाले, "बरं झालं. शेवटी आपलं रक्त."

हे त्या अपघाताच्या दीड महिना आधीचं.

त्या शुक्रवारी चर्चच्या आवारातच त्यांना फोन आला. इक्बालने त्यांना गाडीने रुस्ताकला नेलं. संध्याकाळी ते परतले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या चर्चच्या शर्टाला गंजाचे डाग होते. पडलेल्या नळ्या ते एकेक उचलून बघत होते, इक्बालने सांगितलं, कोणी हात धरेपर्यंत.

खरं काय झालं ते त्यांनी आम्हाला आठवड्यानंतर सांगितलं. काम मागे पडलं म्हणून तीन महिन्यांपासून साइट शुक्रवारीही चालू होती. शुक्रवारी कार्ड टांगायचं तर अंकलना तिथे असायला हवं. पण मग मिस्सा नाही, घर नाही, आंटी नाहीत. साइटचा फोरमन रेमंड, आंटींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. अंकलनीच त्याला ओमानला आणलेलं, कामाला लावलेलं. तो म्हणाला, "अंकल, जावा तुम्ही बिनधास्त. सही करून ठेवा, मी बघतो ना." तेव्हापासून अंकल दर गुरुवारी चार हिरव्या कार्डांवर सह्या करून, बाकी जागा कोरी ठेवून, ती त्याच्याकडे देत. ज्या माणसाने आमच्या कपाटावरही विश्वास ठेवला नाही त्याने.

"गुरुवारी मी निघालो तेव्हा तो वरचा टप्पा बांधलेलाच नव्हता," ते म्हणाले. "नंतर घाईत बांधला. भिंतीला जखडलाच नाही, भिंतीत एक भोकपण नव्हतं. आणि माझं कार्ड लावलं."

"आणि कंपनी काय म्हणते?" मी विचारलं.

"कंपनी म्हणते, भिंतीला जखडलेल्या नळ्या होत्या, प्लास्टरला आड येत होत्या म्हणून रामसूरतने स्वतः काढल्या. म्हणून पडला. चूक त्याची."

त्यांनी चहाचा कप दूर सरकवला.

"बाय, तो रोज सकाळी खाली उभा राहून कार्ड वाचायचा. वाचता येत नव्हतं, रंग बघायचा. मग मला विचारायचा, 'साहब, चढूँ?' बाकीचे सरळ चढायचे. तो एकटा विचारायचा."

पोलिसांनी पहिल्या दिवशी त्यांना एवढंच विचारलं होतं, सही तुमची का? सही त्यांचीच होती. ती कधी केली हे कोणी विचारलं नव्हतं. ते गप्प राहिले तर काहीच होणार नव्हतं. सहा महिन्यांनी निवृत्त होऊन ते वसईला गेले असते, आंटींनी पडद्यांचं कापडही घेऊन ठेवलं होतं. रेमंडची नोकरी राहिली असती. फक्त गोरखपूरजवळच्या एका गावात रामसूरतचं शव एका कागदासोबत पोचलं असतं आणि त्या कागदावर लिहिलेलं असतं की तो स्वतःच्या चुकीने मेला.

आणि तसंच झालं. शव गेलं, कागद गेला. रामसूरतच्या खोलीतल्या एकाने अंकलना सांगितलं की गावात त्याच्या बायकोला लोक विचारतात, तुझ्या नवऱ्याने असं कसं केलं?

तरी अंकल थांबले होते. कंपनीने त्यांना रजेवर घरी बसवलं होतं आणि ते फोनची वाट बघत होते. मला वाटायचं, पोलिसांच्या. तिसऱ्या आठवड्यात रेमंडच आला. मी आंटींना त्यांचं भांडं परत द्यायला गेले होते, ते हातात धरून तिथेच उभी राहिले.

"अंकल, मेला तो मेला. परत येणार आहे काय?" रेमंड म्हणत होता. त्याने बूटही काढले नव्हते. "तुम्ही तोंड उघडलं की मी आत, तुम्ही आत. मावशीला कोण बघणार? आपल्या लोकांत तोंड दाखवायला जागा राहील?"

"नळ्या त्याने काढल्या?" अंकलनी विचारलं.

रेमंड आपल्या बुटांकडे बघू लागला.

"रेमंड, मी विचारतो, नळ्या त्याने काढल्या?"

"कागदावर आलंय आता. खलास."

तो गेल्यावर आंटी भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढू लागल्या. अंकल मला म्हणाले, "येईल तो. थोडा वेळ लागेल. तो पुतण्या नाही आला स्वतःहून? त्या सिनेमात? आपल्या रक्ताचं पोर आहे, येईल."

मी भांडं ओट्यावर ठेवलं. मी घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. इक्बालला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू आता यात पडू नकोस. आपण दुसऱ्याच्या मुलखात आहोत. उद्या विचारतील, यांना कोणी शिकवलं, तर आपलं नाव निघेल." तो घाबरट नाही. त्याला आमच्या मुलीची शाळा दिसत होती, व्हिसाचा शिक्का दिसत होता. मलाही दिसत होता. दोन दिवस मी शाळेत पुस्तकांवर नंबर चिकटवत बसले आणि चुकीचे चिकटवले.

शुक्रवारी जेवणं झाली. अंकलना आता बस पकडायची नव्हती. मी म्हटलं, "अंकल, तो आमिश लोकांचा सिनेमा पुन्हा लावते. शेवट बघा." माझा आवाज मलाच परका वाटला.

"बघून काय? तू सांगितलास ना."

"मी खोटं सांगितलं होतं."

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्यांना कळलं होतं मी काय करतेय, आणि मी ते करू नये असं त्यांना वाटत होतं. मी रिमोट दाबला.

शेवटची वीस मिनिटं.  म्हातारा अधिकाऱ्यासमोर टोपी काढून उभा राहतो आणि बोलतो. मग ते वेगळं टेबल. बायको वाढते. पडदा काळा झाला तरी अंकल तसेच बसून होते. मला वाटलं आता ते मला रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तीन आठवडे," ते शेवटी म्हणाले. "बाय, तीन आठवडे मी त्या रेमंडची वाट बघितली." मग माझ्याकडे वळून, "तुझी चूक नाही. मला थांबायचंच होतं. तू नसतं सांगितलं तर मी दुसरं काही धरून बसलो असतो."

आंटी म्हणाल्या, "तो सिनेमावाला म्हातारा आपल्या गावात होता. तुम्ही परमुलखात आहात. तुम्हाला वेगळं टेबल नाही देणार, तुरुंग देतील."

"मग?"

"मग माझं काय?"

 अंकल उठून आंटींच्या शेजारी खाली जमिनीवर बसले. मी आणि इक्बाल उठून गॅलरीत गेलो. समोरच्या इमारतीच्या सावलीत एक माणूस गाडी धूत होता. ती गाडी पूर्ण धुऊन होईपर्यंत आम्ही आत आलो नाही.

रविवारी सकाळी इक्बालनेच त्यांना गाडीने पोलीस ठाण्यावर नेलं. "तू नको पडूस म्हणालो, मी पडणार नाही असं कुठे म्हणालो?" असं माझ्यावर खेकसून तो निघाला. अंकलनी हिंदीत सगळं सांगितलं. दुभाष्याने ते अरबीत उतरवलं. सह्या कोऱ्या कार्डांवर होत्या, गुरुवारी तो टप्पा बांधलेला नव्हता, रामसूरतने काही काढलं नाही, कारण काढायला तिथे काही नव्हतंच. कागद सहीसाठी पुढे आला तेव्हा अंकल म्हणाले, "पहले पढ़ के सुनाओ." दुभाष्याने वाचून दाखवलं. एका ठिकाणी टप्पा घाईत बांधताना 'पाहिलं' असं होतं, तिथे अंकलनी 'पाहिलं नाही, पण मला माहीत आहे' असं करायला लावलं. मग सही केली.

त्यांना अटक झाली नाही, पण खटला संपेपर्यंत देश सोडायला बंदी आली. नोकरी गेली. मोठा फ्लॅट सोडून ते दोघं आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत आले. रेमंडलाही आत घेतलं आणि नंतर जामिनावर सोडलं. वसईहून आंटींच्या बहिणीचा फोन आला. आधी रडणं, मग शिव्या, मग फोन बंद झाले ते कायमचे. "माझी बहीण जिवंत आहे आणि मला नाही," आंटी एकदा म्हणाल्या. शुक्रवारी मिस्सानंतर वसईची माणसं आवारात झाडाखाली चहा पीत. आंटींशी बोलत. अंकल आले की ज्याला त्याला गाडी काढायची आठवण होई. अंकल मला म्हणाले, "वाईट नाहीत ती. प्रत्येकाचा कोणीतरी रेमंड आहे इथे."

त्या जबाबानंतरचे अकरा महिने मी दाराची बेल वाजली की दचकत होते. सिनेमे बंद झाले. अंकल दुपारी आमच्याकडे येऊन बसत आणि माझ्या मुलीचं मराठी ऐकत. ती अडखळत बोलायची, मधूनमधून इंग्रजीत घसरायची. ते तिला म्हणत, "हळू बोल. एकेक पाय टाक. घाई कोणाला आहे?" तारीख पडायची, पुढे जायची. रामसूरतच्या बायकोला त्यांनी एक पत्र लिहायचं ठरवलं. हिंदीत मी लिहिणार आणि ते सांगणार. तीनदा बसलो. पहिल्या ओळीत ते सांगत, "मी बावतीस, ज्याची सही होती," आणि तिथेच थांबत. दुसरी ओळ कधी झाली नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी चहा घेताना ते गेले. आंटी आधी माझं दार वाजवत होत्या, मग नुसता हात ठेवून उभ्या होत्या. शव वसईला न्यायच्या कागदांवर आंटींबरोबर आणखी एका नातेवाइकाची सही लागत होती. कोणीतरी रेमंडला कळवलं असावं. तो आला, दूर उभा राहिला, बोलावल्यावर पुढे होऊन सही केली. आंटींनी त्याला अडवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "अंकल माझ्याबद्दल काय बोलायचे?" मी खरं ते सांगितलं. "तू येशील म्हणायचे."

निकाल त्यानंतर चार महिन्यांनी लागला. वकिलाने इंग्रजीत पाठवलेला मजकूर मी फोनवर आंटींना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "त्यांचंपण नाव आहे काय त्यात?"

"आहे, आंटी."

"वाच मग. सगळं वाच."

निकालात लिहिलं आहे की रामसूरतचा दोष नव्हता. रेमंडचा आणि कंपनीचा होता. सही करून कार्डं देणाऱ्या बावतीस अंकलचाही होता, पण ते मरण पावल्यामुळे त्यांच्यापुरता खटला बंद करण्यात आला आहे. त्या कागदाची एक प्रत गोरखपूरजवळच्या गावी पोचली. फिलोमिना आंटी वसईला एकट्या राहतात.